संबळ थांबल्यावर कॅमेरा कुठं असतो?

देवगाव फाट्यावर जिंतूर, मंठा आणि सेलू अशा तिन्ही बाजूंची माणसं गाडी बदलायला उतरतात. लगीनसराईत इथल्या टपऱ्यांच्या पत्र्यांवर दोन तऱ्हेच्या जाहिराती शेजारी शेजारी लागतात. एक जागरण-गोंधळ पार्टीची: वर भंडाऱ्यानं माखलेला मुख्य कलावंत, खाली मोबाइल नंबर. दुसरी व्हिडिओ शूटिंगवाल्याची: ड्रोन, क्रेन, एलईडी वॉल. म्हणजे परभणी जिल्ह्यात लोककलेला कॅमेरा मिळत नाही, अशी तक्रार आज कुणी करू नये. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जेवढा गोंधळ चित्रित झाला, तेवढा त्याआधी कधीच झाला नसेल. तरी एखाद्या पाहुण्यानं विचारलं, 'तुमच्याकडचा गोंधळ नीट समजेल असा एखादा माहितीपट सांगा', की आपली पंचाईत होते. क्लिपा शेकड्यानं निघतात. बसून पाहावा असा चित्रपट चटकन सांगता येत नाही.

ही पंचाईत एकट्या परभणीची नाही. महाराष्ट्रात लोककला म्हटलं की भाषणं उदंड होतात, महोत्सव होतात, कथापटांतून गाणी गाजतात. पण सरकारी फाइल किंवा वाहिनीची वेळ यांच्या पलीकडं जाऊन, स्वतःच्या हिमतीवर, एखाद्या कलेपाशी वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेला माहितीपटकार किती वेळा भेटतो? जे भेटतात त्यांनी काय केलं, काय सोडलं, आणि मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे एकदा ओळीनं पाहायला हवं.

तुलनेसाठी एक नाव आधी घेतो. अमेरिकेत लेस ब्लँक नावाचा माणूस होऊन गेला (1935-2013). फ्लोरिडात जन्म, न्यू ऑर्लिन्समध्ये कॉलेज, पुढं कॅलिफोर्नियात चित्रपटाचं शिक्षण. पोटासाठी त्यानं कारखान्यांचे प्रचारपट केले आणि त्या पैशांवर स्वतःचे चित्रपट काढले. कसले? टेक्सासच्या काळ्या शेतमजुरांतून आलेल्या ब्लूज गायकांचे, लुइझियानातल्या फ्रेंच बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या ॲकॉर्डियनचे, मेक्सिकोच्या सीमेवरच्या गाण्यांचे, पोलका नाचणाऱ्यांचे, दातांत फट असलेल्या बायकांचे, आणि एक तर चक्क लसणाचा. लसणाचा चित्रपट दाखवताना तो प्रेक्षागृहातच लसूण भाजायला ठेवायचा. वास दरवळला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. ही नुसती गंमत नव्हती. गाणं, जेवण, घाम आणि गप्पा एकाच जगण्यातून येतात, त्यातलं गाणं तेवढं उपटून नेता येत नाही, हे त्याला माहीत होतं.

लायटनिंग हॉपकिन्स या ब्लूज गायकावरचा त्याचा 1968 चा चित्रपट कसा झाला, हे ऐकण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी हॉपकिन्सनं काही गाणी म्हटली आणि 'झालं तुमचं काम, आता निघा' असं सांगून टाकलं. ब्लँक मग त्याच्याबरोबर पत्ते खेळायला बसला आणि पैसे हरला. हरल्यावर हॉपकिन्स खूश झाला आणि चित्रणाला मोकळीक मिळाली. चित्रपटात गाणी आहेतच. पण लक्षात राहतं ते गाण्यांच्या मधलं: रस्ता, ओसरी, पोरं, थट्टा, उगाच घालवलेली दुपार. निवेदक नाही, 'ही कला आता लोप पावत आहे' असा गळा काढलेला नाही. त्याच्या दोन चित्रपटांची निवड पुढं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत झाली, त्यातला एक लसणाचाच. तरी तो स्वतःच गावोगाव रिळं घेऊन फिरला, स्वतःच टी-शर्ट विकले.

ब्लँकवर एक आक्षेप घेता येतो आणि तो आपल्याला महत्त्वाचा आहे. त्याच्या चित्रपटात माणसं फार मजेत असतात. गरिबी आणि वर्णद्वेष दिसतात, पण ओझरते. आनंदाचा माग काढणारा माणूस दुःखाच्या दारावरून जरा भरभर जातो. आपल्याकडं नेमकं उलट झालं. लोककलेवरचे आपले चित्रपट एक तर दिखाऊ झाले, नाही तर व्यथेचे. मधली जागा ओस पडली.

दिखाऊपणाचा उगम सरकारी पठडीत आहे. फिल्म्स डिव्हिजन 1948 साली मुंबईत सुरू झाली आणि पुढची कित्येक वर्षं मुख्य चित्रपटाच्या आधी तिचे लघुपट दाखवले जात. त्यांची एक ठरावीक चाल होती. भारदस्त आवाजातलं निवेदन, नकाशा, स्वच्छ कपड्यांतले कलावंत, मोकळं मैदान, अर्धं कडवं गाणं आणि शेवटी विविधतेतली एकता. त्यातल्या काहींचं छायाचित्रण उत्तम आहे, हे मान्य करायला हवं. पण कलावंताचं नाव सांगायची पद्धत नव्हती. तो 'महाराष्ट्रातील एक गोंधळी' असायचा. 2022 मध्ये ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये आलं आणि त्यानं लोककलेला स्टुडिओत नेलं. तिथं पाठीमागं रंगवलेलं खेडं, समोर तीन कॅमेरे, आणि आख्यान बसवायचं अर्ध्या तासात. रात्रभर चालणाऱ्या प्रकाराचा तो नमुना झाला, प्रकार बाहेरच राहिला. आमच्याकडं त्यातल्या त्यात आकाशवाणीच्या परभणी केंद्राचे उपकार मोठे. चित्र नसेना का, आवाज तरी इथला होता, आणि भाषाही.

या पठडीतून कुणी सुटलंच नाही असं नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या मणी कौलनं सत्तरच्या दशकात 'चित्रकथी' हा लघुपट केला. चित्रांच्या पोथ्या उलगडत रामायण-महाभारत सांगणारी ही परंपरा. संग्राहकांनी त्या चित्रांना पैठणचं नाव चिकटवलं, पण ती जपली सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांनी. त्याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. कौल ज्या घडणीचा दिग्दर्शक होता, तिच्यात चित्राकडं पाहण्याचा वेळ फार मोलाचा. मात्र तो चित्रपट पाहणारेही बहुतेक चित्रपटवालेच राहिले.

खरं सांगायचं तर मराठीत चांगले माहितीपट आधी कागदावर निघाले. दि. बा. मोकाशींचं 'पालखी' 1964 साली आलं. वारीतली फोड आलेली पावलं, राहुट्या, वाद, कंटाळा, सगळं त्यात आहे. अनिल अवचटांनी भटक्यांवर लिहिलं, रा. चिं. ढेऱ्यांनी दैवतांची मुळं खणली. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या तंबूमागं जाऊन छायाचित्रं काढली. औरंगाबादला प्रभाकर मांडे यांनी लोकरंगभूमीपासून भटक्यांच्या गुप्त भाषांपर्यंत आयुष्यभर काम केलं. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी ते गेले. या सगळ्यांच्या हातात वही होती. वहीला वीज लागत नाही, निर्माता लागत नाही.

कॅमेरा घेऊन खऱ्या अर्थानं चालला तो एक जर्मन. गुंथर सोन्थायमर हिंदू कायद्याचा अभ्यास करायला भारतात आले आणि धनगरांच्या मागं लागले. हायडेलबर्ग विद्यापीठात शिकवायचे, पण मन जेजुरी, वीर आणि सह्याद्रीच्या पठारांवर. साठच्या दशकापासून त्यांनी धनगरांच्या ओव्या ध्वनिफितींवर घेतल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचं त्यांचं पुस्तक 1976 मध्ये जर्मनमधून आलं. छायालेखक हेनिंग श्टेगम्युलर यांच्याबरोबर त्यांनी वारीवर माहितीपट केला, खंडोबाच्या यात्रेचंही चित्रण केलं. 1992 मध्ये ते वारले.

सोन्थायमरांचं वेगळेपण असं की त्यांना कला दाखवायची नव्हतीच. त्यांना माणूस आणि देव यांचा व्यवहार पाहायचा होता. मेंढपाळ कुठून कुठं जातो, देव त्याच्याबरोबर कसा जातो, देवाला दोन बायका का, त्यातली एक वाण्याची आणि एक धनगराची का. असं विचारत गेलं की गाणं आपोआप सापडतं, आणि ते कुठं म्हणायचं, कुणी म्हणायचं हेही सापडतं. परदेशी माणसानं येऊन हे करावं लागलं, याची लाज बाळगायचं कारण नाही. पण वारीवरचा तो चित्रपट आपण किती शाळांत लावला, किती जत्रांत दाखवला, याची थोडी लाज वाटली तर बरं.

दुसरं मोठं काम चित्रपट म्हणून सुरूच झालं नाही, आणि ते आपल्या जिल्ह्याला अगदी जवळचं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. हजारावर गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या, असा तो पसारा झाला. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या पुष्कळशा बायकांचे आवाज मुद्रित केले. त्यांत आपल्या पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. 1996 मधलं ते मुद्रण. देवळाच्या आसऱ्यानं राहणाऱ्या या बाईचा आवाज ऐकून जाणकारही चमकतात, इतका तो सुरेल आणि तयार. शिकवणी नाही, तंबोरा नाही. पॉइटवँ 2004 मध्ये गेले. पी. साईनाथ यांच्या 'पारी' या उपक्रमानं 2017 पासून या ओव्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली आणि काही गावांत पुन्हा जाऊन, गाणाऱ्या बायकांना शोधून, कॅमेऱ्यावरही घेतलं. माजलगावच्या भीमनगरातल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या अशाच पुढं आल्या.

या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट साधी आहे. प्रत्येक गाण्यापाशी गाणारीची माहिती दिलेली असते: नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, मुलं किती, पोटापाण्याचं काय. 'एक ग्रामीण स्त्री' असं कुठंही नाही. सातशे वर्षांपूर्वी गंगाखेडच्या जनाबाईनं आपलं नाव ओळीत गुंफून ठेवलं म्हणून ती आपल्याला माहीत आहे. बाकीच्या लाखो दळणाऱ्या बायकांचं नाव लिहायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला. जातं थांबलं, पिठाची गिरणी गावात आली, आणि मग ओव्या लिहून घ्यायला माणसं आली. उशीर झाला, पण अगदीच वेळ टळून गेली नव्हती.

व्यथेच्या बाजूचा सर्वांत मोठा चित्रपट आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड'. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. त्यानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. घोगरेंचं गाणं पटवर्धनांनी आधी 'हमारा शहर' मध्ये घेतलं होतं. ओळखीचा माणूस गेला, तो का गेला, हे शोधत ते चौदा वर्षं चित्रण करत राहिले. 2011 मध्ये तीन तासांहून मोठा चित्रपट तयार झाला. तो वस्त्यावस्त्यांत पडदे लावून दाखवला गेला, लोकांनी मांडी घालून पाहिला.

याला लोककलेचा माहितीपट म्हणावं का, असं कुणी विचारेल. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतला हाच सर्वांत भक्कम. भीमगीतं, जलसे, कव्वाल्या, शाहिरी, कबीर कला मंचाची पोरं, हे सगळं त्यात आहे आणि जिथं घडतं तिथंच आहे. त्यातल्याच शीतल साठे मंचावर गातात तशी त्यांची आईही घरात बोलते. देवधर्म मानणारी आई आणि विद्रोही गाणी म्हणणारी मुलगी एकाच छताखाली आहेत, हे निवेदकानं सांगावं लागत नाही. महाराष्ट्रात कलेचं नाव घेतलं की जातीचं नाव घ्यावंच लागतं. गोंधळी, वासुदेव, पोतराज, कोल्हाटी, डोंबारी ही नुसती कलांची नावं नाहीत. जी कला माणसाच्या जन्माला चिकटली, तिचा नुसता सोहळा करता येत नाही, आणि तिची नुसती कीव केली तर कलावंत विटतो. पटवर्धनांना हा तोल बऱ्याच अंशी साधला, कारण गाण्याची ताकद त्यांना मनापासून मान्य होती. त्यांच्यानंतर सांगली जिल्ह्यातून आलेले सोमनाथ वाघमारे चैत्यभूमीवरच्या गर्दीकडं आणि तिथल्या गाण्यांकडं आतल्या माणसाच्या नजरेनं पाहतात. चित्रण करणारा आणि गाणारा एकाच समाजातले असले की काही प्रश्न विचारावेच लागत नाहीत, हा त्यांचा फायदा.

तोल सांभाळणारं आणखी एक काम म्हणजे सावित्री मेधातुल आणि भूषण कोरगावकर यांचा 2008 चा 'नटले तुमच्यासाठी'. लावणीवर मराठीत इतके कथापट निघाले की नऊवारी, घुंगरू आणि पाटलाचा वाडा या पलीकडं लावणी नसावीच असं वाटावं. या माहितीपटानं संगीतबारीच्या थिएटरात राहणाऱ्या बायकांना बोलू दिलं. त्या कशा राहतात, पैसा कसा वाटून घेतात, बैठकीची अदा कशी शिकतात, लोक काय म्हणतात आणि त्यावर त्यांचं म्हणणं काय. पुढं कोरगावकरांचं 'संगीत बारी' हे पुस्तक आलं आणि त्याच नावाचा रंगमंचीय प्रयोग. त्यात याच कलावंत शहरातल्या प्रेक्षागृहात आपली लावणी घेऊन आल्या. चित्रण संपल्यावर नातं संपलं नाही, याचा हा पुरावा. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दरवर्षी लावणी महोत्सव भरतो. तिथं कॅमेरे भरपूर असतात, सगळे मंचाकडं तोंड करून.

बाहेरच्या राज्यांतलं थोडक्यात सांगतो. राजस्थानात कोमल कोठारींनी बोरुंदा गावात 1960 मध्ये विजयदान देथांबरोबर रूपायन संस्था काढली आणि लंगा-मांगणियारांना जगापुढं आणलं. ते स्वतः काही दिग्दर्शक नव्हते, पण राजस्थानवर चित्रपट करायला आलेला माणूस आधी त्यांच्या ओसरीवर जायचा. शबनम विरमानी यांनी कबीर गाणाऱ्यांच्या मागं फिरून 2008 च्या सुमारास चार चित्रपट पूर्ण केले, त्यातले माळव्याचे प्रल्हाद टिपानिया घराघरांत पोचले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतले अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर कच्छच्या सुफी गायकांकडं पुन्हा पुन्हा गेले. या सगळ्यांत समान काय? एकच प्रदेश, एकच माणसं, अनेक वर्षं. राजस्थानला कोठारी मिळाले तसा मराठवाड्याला कुणी मिळाला नाही. अभ्यासक मिळाले. कॅमेरा घेऊन येणाऱ्याला हात धरून गोंधळ्याच्या घरी नेणारं, रात्री मुक्कामाची सोय करणारं ठिकाण उभं राहिलं नाही.

मराठवाडा मागं का पडला याला कारणं आहेत. सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. मुंबई-पुण्याच्या चित्रपटधंद्याशी आपला संबंध तिकीट काढण्यापुरता. नंतरही पैसा, प्रयोगशाळा, संकलन, सगळं तिकडंच. एखादा पोरगा इथून फिल्म इन्स्टिट्यूटला गेला तर तो परत यायचं कारण नव्हतं. मुंबईतल्या इंडियन नॅशनल थिएटरनं अशोकजी परांजपे यांच्या पुढाकारानं लोककलांचा शोध घेतला आणि 'खंडोबाचं लगीन', विठ्ठल उमपांचं 'जांभूळ आख्यान' असे प्रयोग उभे केले. ते प्रयोग थोर होते, पण त्यांनी कला रंगमंचावर नेली. ती जिथं रात्रभर चालते ते अंगण अंधारातच राहिलं. परभणीचे राजारामभाऊ कदम हे गोंधळातलं केवढं मोठं नाव! त्यांच्यासारख्या माणसाची एक अख्खी रात्र, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न कापता, आज आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत असायला हवी होती.

अख्खी रात्र म्हणजे काय, ते न पाहिलेल्यांसाठी सांगतो. संध्याकाळी गोंधळी येतात ते वेशात नसतात, साध्या शर्ट-पायजम्यात असतात. चहा होतो, घरच्या म्हाताऱ्या माणसाशी कुळाची चौकशी होते: तुळजापूर की माहूर, देवक कोणतं, मागचा गोंधळ कोणत्या पिढीत झाला. गोंधळ्यांतही कदमराई तुळजापूरच्या देवीचे आणि रेणुराई माहूरच्या. मग पाटावर नवं कापड, त्यावर धान्याचा चौक, कलश, वर पाच ताटं बांधून केलेली खोपटी. ताटं हंगामाप्रमाणं उसाची किंवा ज्वारीची. मग झगा, कवड्यांच्या माळा. संबळ तापवावी लागते, कातडं ताणलं नाही तर बोल उमटत नाही. दिवटी पेटते, बुधलीतलं तेल तिच्यावर पडतं. नंतर आवतण, म्हणजे गावोगावच्या देवांना नावानिशी बोलावणं. ही यादी गावागणिक बदलते. इथला गोंधळी जवळपासच्या देवांनाही विसरत नाही, आणि यजमानाच्या शेतातल्या म्हसोबालाही नाही. त्यानंतर आख्यान. नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, सांगतो, साथीदार आडवे प्रश्न टाकतो, लोक हसतात, मध्येच आजच्या राजकारणावर एक टोमणा. पहाटे आरती. जागरण असेल तर वाघ्या-मुरळी, दिमडी, घोळ, कोटंबा, आणि शेवटी लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, हिसका देऊन तोडतात.

शूटिंगवाला यातलं काय घेतो? त्याचा दोष नाही, त्याला पैसे नवरा-नवरीच्या बाजूनं मिळतात. तो आरतीतल्या पाहुण्यांचे चेहरे घेतो, मुरळीचं एक नाचाचं गाणं घेतो, लंगर तुटतानाचा क्षण घेतो, आणि घरी जाऊन त्यावर दुसरंच रेकॉर्ड केलेलं गाणं चढवतो. संबळेचा मूळ आवाज जातो. कुळाची चौकशी, देवांची नावं, आख्यानातल्या कोट्या, हे सगळं कापलं जातं, कारण ते 'बोअर' आहे. ब्लँकनं नेमकं तेच ठेवलं असतं. तो आदल्या दिवशी गोंधळ्याच्या घरी गेला असता, पत्ते खेळला असता, त्याची बायको ज्वारीची भाकरी थापताना तिच्याशी बोलला असता. गोंधळ नसतो त्या महिन्यांत तो काय करतो, हे त्यानं विचारलं असतं. आमच्या भागातली किती कलावंत कुटुंबं दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांकडं जातात, हे त्यात आपोआप आलं असतं. व्यथाही आली असती आणि कोट्याही. आसपासच्या बंजारा तांड्यांवर होळीला लेंगी म्हणतात, तिथं तर माणसं रात्ररात्र हटत नाहीत. त्यावर कुणाचं लक्ष जातं?

कथापटांनी ही जागा भरली असं म्हणतात. 2025 मध्ये 'दशावतार' तुफान चालला, कोकणातली कला लोकांच्या तोंडी आली. त्याच वर्षी गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात 'गोंधळ' साठी संतोष डावखर यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. चांगली गोष्ट आहे. लोककला हा विषय आता हास्यास्पद राहिला नाही. पण कथापटाला गोंधळ हवा असतो तो कथेच्या रात्रीपुरता. दुसऱ्या दिवशी कलावंत कुठल्या गावाला जाणार, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं, आणि असायचं कारणही नाही. ते काम माहितीपटाचं.

एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. पाहणारे कुठं आहेत? मुंबईचा माहितीपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव 1990 पासून दर दोन वर्षांनी भरतो. तो मुंबईत असतो. जिंतूर-सेलूतल्या माणसाला माहितीपट भेटतो तो मोबाइलवर, तीन मिनिटांचा. तासाभराचा चित्रपट गावात दाखवायला पडदा आणि प्रोजेक्टर लागतो, एवढंच. भजनी मंडळाच्या सप्ताहाला जो मांडव असतो तो चालतो. वाघमाऱ्यांनी, पटवर्धनांनी हे वस्त्यांत करून दाखवलं. आपल्याकडं सप्ताहात कीर्तन थेट प्रसारित करायला दोन कॅमेरे लावणारी पोरं आहेत. त्यांना तांत्रिक शिकवणीची गरज नाही. गरज आहे ती थोड्या चिकाटीची, आणि कुणीतरी 'हे कापू नको' म्हणण्याची.

म्हणून विनंती शूटिंगवाल्या पोरांनाच. या सराईत गोंधळाची किंवा जागरणाची ऑर्डर घ्याल तेव्हा एक कॅमेरा तिवईवर ठेवून पहिल्यापासून आरतीपर्यंत चालू द्या, त्याचा मूळ आवाज तसाच ठेवा. यजमानाला हायलाइट द्या, पण कच्चं चित्रण पुसू नका, एका हार्ड डिस्कवर ठेवा. फाइलला कलावंताचं पूर्ण नाव, गाव, तालुका आणि तारीख द्या, आणि एक प्रत त्या कलावंताला फुकट द्या. राज्य सरकारच्या वृद्ध कलावंत मानधनासाठी अर्ज करताना आयुष्यभर कला केल्याचा पुरावा मागतात, आणि म्हाताऱ्या गोंधळ्यापाशी दाखवायला कागद नसतो. ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या जाड काळ्या कॅसेटा माळ्यावर पडल्या आहेत, त्यांनीही त्या या पावसाळ्याआधी खाली काढाव्यात. त्या फितीला बुरशी लागते आणि लागली की चित्र परत मिळवणं अवघड होतं.